मुराळ्याची गाडी

घाटनांदूरच्या स्टेशनातून रूळ दोन्ही बाजूंना जातात, पण आमच्या घरात एकाच बाजूला 'वाट' म्हणत. परळीकडचे रूळ देवाचे. तिकडं वैजनाथाला जायचं, दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. बाकीचं सगळं आयुष्य उलट्या बाजूला होतं. उदगीर, भालकी, बीदर आणि शेवटी हैदराबाद. आमच्या कापडाच्या दुकानातला माल तिकडून यायचा. मोठं दुखणं निघालं तर माणसाला तिकडं न्यायचे. जिल्ह्याचं ठिकाण बीड, पण बीडला जायचं ते कोर्टाचं काम निघालं तरच, आणि जाणारा माणूस परमुलखात निघाल्यासारखं तोंड करायचा.

हे रूळ निजामाच्या काळात पडले. निजामावर इंग्रज, आमच्यावर निजाम. रूळ टाकणाऱ्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना कापूस न्यायचा होता, धान्य न्यायचं होतं, गरज पडली तर फौज आणायची होती. आमच्या लोकांनी त्याच रुळांवरून लेकी दिल्या आणि सुना आणल्या. पुढं संस्थान गेलं, त्याचे तीन तुकडे होऊन तीन राज्यांत गेले. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा ती सीमा अगदी नवी होती. सोयरिकीच्या बोलण्यात ती कुणी काढलीसुद्धा नाही. मुलगा आपल्यातला, लिंगायत, घरी शेती आणि भुसाराचं दुकान, गाव भालकीच्या पुढं, गाडी थेट. एवढं पुरलं.

मी भूगोलाचा मास्तर. आता निवृत्तीला आलोय. अंबाजोगाईच्या शाळेत मी पोरांना महाराष्ट्राचा कोरा नकाशा भरायला देत असे. त्यात आमच्या भागाच्या उजवीकडं रेघ संपायची आणि पुढं नुसता पांढरा कागद. आत्याचं गाव त्या पांढऱ्या कागदावर पडायचं. दरवर्षी नकाशे वाटताना मला उगाच चोरट्यासारखं व्हायचं. माझा स्वभावच तसा आहे. वर्गातला पंखा बंद पडला तरी मी पोरांची माफी मागतो. दिवाळी झाली की आमच्या गावातल्या कडेच्या वस्त्या रिकाम्या व्हायच्या. माणसं ट्रकांत बसून तेलगावकडून पश्चिमेला ऊसतोडीला जायची. जाण्याआधी गोधड्यांचं कापड आमच्याच दुकानातून न्यायची आणि गल्ल्यावर बसलेल्या मला त्यांच्याकडं सरळ बघता यायचं नाही. ती कामासाठी मावळतीला जात, आम्ही सोयऱ्यांसाठी उगवतीला. एकाच गावातून निघणाऱ्या या दोन वाटा कोणत्याच पाठात नव्हत्या. मी त्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो. तेवढं एक काम मी बरं केलं.

पण सांगायचं आहे ते आत्याचं.

आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात. मात्र लेकीनं आपण होऊन निघून यायचं नसतं. माहेराहून माणूस जातो, सासरी पाहुणचार घेतो आणि तिला सोबत घेऊन येतो. तो मुराळी. मुराळी आला म्हणजे माहेर जिवंत आहे, असा सगळ्या गल्लीला निरोप मिळतो. ज्या बाईला मुराळी येत नाही, ती घरी सगळं असूनही पंचमीच्या दिवशी झोक्याकडं फिरकत नाही. आत्याला आणायला आधी आप्पा, म्हणजे माझे वडील, जायचे. मी कॉलेजात गेलो तसं मुराळीपण माझ्याकडं आलं. सकाळच्या पॅसेंजरनं निघायचं, खिडकीतून काळी रानं बघायची. उदगीरच्या पुढं फलाटावरच्या पाट्यांची लिपी बदलायची, पण चहावाल्याचं ओरडणं बदलायचं नाही.

मी नोकरीला लागून थोडे दिवस झाले असतील, तेव्हाची पंचमी. ती वर्षंच वेगळी होती. गावात एसटीडीचे बूथ आले होते, घराघरावर केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि आमच्या दुकानात आप्पांच्या मनाविरुद्ध मी तयार पँटी आणून टांगल्या होत्या. तो माल पुण्या-मुंबईकडचा. चौकातून दर संध्याकाळी पुण्याला ट्रॅव्हल्स सुटायला लागल्या होत्या. गावानं जणू बसल्या जागी कूस बदलली होती. आप्पा दुकानाच्या पायरीवर बसून त्या गाड्यांकडं बघत आणि म्हणत, "पुण्याला काय हाय, न कळं."

धाकट्या बहिणीचा बारावीनंतर कॉम्प्युटरचा क्लास झाला होता आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आत्या माजघरात सुपात लाह्या निवडत बसली होती. आप्पा जेवायला आले, हात धुतला, पाटावर बसले, तशी ती म्हणाली,

"अण्णा, पोरगी मला दे."

"कुठली पोरगी?"

"तुला किती हायत?"

आप्पा हसले. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क धरतात, त्यामुळं मागण्यात काही वावगं नव्हतं. आत्याचा थोरला मुलगा शेती बघायचा. कष्टाळू, निर्व्यसनी आणि अतोनात लाजरा.

"पोरगा काळा हाय माझा, न्हाई म्हणत न्हाई," आत्या म्हणाली. "पण रान काळंच चांगलं."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आत्या, काळ्याचं काय न्हाई. पण त्यो माझ्यासमोर बसला की नुस्तं ताटाकडं बघतो. मी जन्मभर कुणाशी बोलू? ताटाशी?"

"लगीन झाल्यावर बोलतेत गं समदे."

"बोलला तर कानडीत बोलंल."

"शिकशील की. मी न्हाई शिकले?"

"मला पुण्याला जायचंय."

"पुण्यात कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाई, म्हणूनच."

आप्पांनी घास हातात तसाच धरला. ते हो म्हणणार होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मी मधे पडलो. जवळच्या रक्तातली लग्नं, त्यांतून होणारे आजार, जे मी शाळेतल्या बायांच्या मेळाव्यात सांगत असे ते सगळं सांगितलं. आत्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, सुपातला खडा काढून टाकला आणि विचारलं,

"तुझे आजा-आजी कोण व्हते रे एकमेकांचे?"

"मामा-आत्याचे."

"मग तुझ्यात काय खोट हाय ती तूच सांग मास्तर."

"लई बोलतो, हीच," बहीण म्हणाली आणि सगळे हसले. आत्याही हसली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"अण्णा, हसण्यावारी नेऊ नको. तुझ्यामागं मला न्यायला मूळ कोण येईल? ह्यो मास्तर येईल दोन-चार वर्सं. मग ह्याची बायको म्हणंल, कोण ती म्हातारी, कावून जायाचं एवढ्या लांब? तुझी पोरगी माझ्या घरात असली तर तिला आणायला तुमच्यातलं कुणी ना कुणी येणारच. तिच्या संगं मीबी येईन. मी सून मागत न्हाई. मी गाडी मागते."

तोवर मला वाटत होतं की आत्या पोरासाठी मुलगी मागतेय. ती आपल्या माहेराची वाट मागत होती, आणि ती वाट चालू राहायला त्या वाटेनं दर पिढीला एक लेक जावी लागते हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा आधी दिसलं होतं. आप्पांनंतर त्या गाडीत बसायला कारणच उरणार नव्हतं.

आई आतून बाहेर आली. आई शेजारच्या केज तालुक्यातली, युसूफ वडगावची. तिचं माहेर बैलगाडीच्या टप्प्यातलं, त्यामुळं या लांबच्या सोयरिकींचं तिला कधी कौतुक वाटलं नाही. लेक पांढऱ्या कागदावर देण्याची तिची मुळीच तयारी नव्हती. विषय तोडायला ती म्हणाली,

"एवढी वाटेची काळजी हाय, तर तुमचीच लेक द्या की आमच्या पोराला वन्सं. वाट चालूच ऱ्हाईल."

हे बोलणं म्हणजे दार लावून वर कडी घालणं होतं. आमच्याकडं ज्या घरातून लेक दिली त्या घरात तिची लेक परत आणत नाहीत. त्याला परतवेल म्हणतात. वेल पुढं जावा, मागं फिरू नये. भाच्याला मुलगी द्यावी, पण आत्याची मुलगी करू नये. हे आईला ठाऊक, आत्याला ठाऊक, लाह्यांतल्या खड्यालाही ठाऊक असेल. आईनं मुद्दाम अशक्य तेच मागितलं होतं.

आत्यानं सूप परत पुढं ओढलं. पंचमी झाली, ती झोक्यावर बसली, चार गाणी म्हणाली आणि ठरल्या दिवशी परत गेली. जाताना तिनं बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा पुण्याला," म्हणाली. "तिथं झोका बांधायला झाड हाय का ते बघ आधी."

त्याच साली बहिणीचं लग्न झालं. मुलगा मूळचा लातूरकडचा, चिंचवडला कंपनीत. लग्नाला आत्या नवऱ्याबरोबर आली, आहेर केला, जेवली, गेली. मला मात्र ती माझ्याकडं न बघता जेवली असं वाटत राहिलं. आप्पांना म्हणालो तर ते म्हणाले, "तुझ्याकडं बघून जेवाया तू काय लोणचं हायस का?"

पुढच्या पंचमीला मी मुराळी म्हणून गेलो. आईनं पुरणाचे दिंड बांधून दिले होते. आत्यानं पाय धुवायला पाणी दिलं, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, तूप, सगळं वाढलं. जेवण झाल्यावर मी विचारलं, "सकाळच्या गाडीनं निघायचं ना?"

"मी न्हाई येत."

मुराळी रिकामा परत जाणं ही लहान गोष्ट नाही. लेक रुसली, माहेर तुटलं, असाच त्याचा अर्थ. माझा चेहरा उतरला. माझ्यामुळंच, असं मी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं आणि माफी मागायला तोंड उघडलं. आत्यानं ते हातानंच बंद केलं.

"गप. तुझं काय न्हाई त्यात. तुझ्या आईनं शब्द दिला, त्याचं काय करता ते आधी सांगा. मग येते."

"कोणता शब्द?"

"'तुमची लेक द्या आमच्या पोराला.' म्हणली का न्हाई?"

"पण आत्या, ते... परतवेल."

"माझी लेक आणली तर परतवेल. माझ्या दिराची लेक माझ्या घरातली हाय, माझ्या रक्तातली न्हाई. वेल दुसरा. मांडव त्योच." ती ओसरीकडं वळून हाक मारू लागली, मग थांबली. "मी एक साल इचार केला रे. तुमची पोरगी इकडं असती तर तुमचा मुराळी आला असता आन् मी त्याच्यासंगं गेले असते. आता आमची पोरगी तिकडं असंल. तर आमचा मुराळी तिला आणाया येईल, आन् मी त्याच्यासंगं तिकडं उतरीन. गाडी काय, दोन्हीकडून येती."

मी भूगोल शिकवत होतो. रूळ दोन्ही बाजूंना जातात हे मला नव्यानं सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग तिनं खरोखर हाक मारली. आतून जी मुलगी आली ती हात पुसत आली आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिला मी आधीही पाहिलं होतं, पण पाहुण्यांच्या घरातली पोर म्हणून. कानडी शाळेत शिकलेली. तिचं मराठी आमच्यासारखंच, पण मधेच 'हो'च्या जागी 'हौ' म्हणायची. आत्या ताकाचं निमित्त करून आत गेली.

"तुमी लई उदास दिसायलेत," ती म्हणाली. "काकूचं मन राखायला म्हणून मला करून घेणार असाल तर नको. भरपाईत येणारी मी न्हाई."

मी खरं ते सांगितलं. मला आत्यासाठी वाईट वाटतं, वाईट वाटणं मला लवकर जमतं, पण त्यासाठी कुणाचं आयुष्य मागावं असं वाटत नाही. बाकी मला आत्ताच काही कळत नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग एक विचारते. पंचमीला पाठवाल? दर साली? घरी कुणी आजारी हाय, परीक्षा हाय, दुकान हाय, असं न म्हणता?"

"पाठवीन."

"हौ म्हणा."

"हौ."

ती हसली, आणि त्या हसण्यानंतर मला आत्याची आठवण राहिली नाही, हेही खरं लिहायला हवं.

मी एकटाच घाटनांदूरला उतरलो. आई दारात. माझ्यामागं कुणी नाही हे बघून तिनं कपाळाला हात लावला. मी निरोप सांगितला. ती आधी भडकली: "मी काय दस्त करून दिला व्हता का? रागानं बोलले मी!" मग चुलीपुढं बसली, आणि थोड्या वेळानं तिच्या खांद्यावरून मला कळेना ती रडतेय की काय. ती हसत होती. "काय बाई हाय," म्हणाली. "मी कडी घातली, हिनं बिजागरीच काढली." आप्पांनी दुकानातून आल्यावर सगळं ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "वाण्याच्या घरातून शब्द गेला की माल गेल्यासारखा हाय. परत मागत न्हाईत." मग आईकडं बघून, "तुला कुणी बोल म्हणलं व्हतं?" पण ते इतक्या आनंदानं म्हणाले की आईनं त्यांना ताटात दुसऱ्यांदा तूप वाढलं.

लग्न झालं. बायको आली ती आपली भाषा, आपली लसणाची चटणी आणि आपलं मत घेऊन आली. मी अजूनही कधी उगाच गप्प बसलो की ती विचारते, "आज कुणाची भरपाई करायलेत?" बहीण पुण्याहून ट्रॅव्हल्सनं येते. तिला मुराळी लागत नाही, तिकीट लागतं. तिच्या सोसायटीत झोक्याला झाड नाही, पण बाल्कनीत लोखंडी हूक आहे आणि तो तिनं स्वतः बसवून घेतलाय. ती सुखात आहे. आत्याला नाही म्हणण्यात तिचं काही चुकलं नाही, माझंही नाही, हे आता मी जड न होता म्हणू शकतो.

पंचमीचं आमच्या घरातलं वेळापत्रक तेव्हापासून असं. सणाआधी बायकोचा भाऊ तिला न्यायला येतो. त्याच्यासोबत आत्या उतरते. तो एक रात्र राहतो, दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन जातो, आणि आत्या आमच्याकडं राहते. सण झाला की बायकोला आणायला मी जातो आणि जाताना आत्याला पोचवतो. एक बाई माहेरी येते म्हणून दुसरी माहेरी जाते. शेजारच्या बायका म्हणतात, "तुमच्या घरात पंचमीला बाई बदलून मिळती."

आप्पा गेले त्या वर्षी मात्र मला खात्री नव्हती. दहाव्याला आत्या आली होती, फार रडली होती. अण्णा नसलेल्या घरात ती सणाला येईल का, हे मी कुणाला विचारलं नाही. दुकान आता तयार कपड्यांचंच झालं होतं आणि माल सगळा पुण्याकडून यायचा. हैदराबादला दवाखान्यालासुद्धा कुणी जात नव्हतं. लातूर जवळ पडायचं. त्या बाजूच्या रुळांवरचं आमचं आता एवढंच शिल्लक होतं.

बायकोनं पिशवी भरून ठेवली होती. मी गाडीच्या वेळेच्या बराच आधी स्टेशनात जाऊन बसलो. बाकावर एक म्हातारा बिडी ओढत होता. "परळीला का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. भालकीकडून कुणी येणार हाय."

"तिकडून आता कोण येतं बे?" तो म्हणाला आणि धूर सोडला.

गाडी आली. मागच्या डब्यातून आधी मेव्हणा उतरला, मग त्यानं हात वर केला आणि आत्या पाठमोरी, एकेक पाय टाकत खाली आली. ती थकली होती. आतोबा गेले तेव्हापासूनचं पांढरं पातळ, कपाळाला विभूती. तिनं फलाट बघितला, मला बघितलं आणि मी पाया पडायला वाकलो तेव्हा माझं डोकं धरून वर केलं.

"अण्णा न्हाई म्हणून मी येणार न्हाई वाटलं व्हतं व्हय रे?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

"धर ही पिशवी. तंबिटाचे लाडू हायत. हालवू नको, फुटत्याल. आन् झोक्याची दोरी बघितली का? गेल्या साली कुजली व्हती ती."

"नवी आणलीय."

"मग चल की. हुभा कावून हायस?"

म्हाताऱ्यानं बिडी विझवून बाकावर सरकून जागा केली, पण आत्या बसली नाही. ती माझ्यापुढं चालू लागली. स्टेशनापासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता तिला कुणी दाखवायला लागत नाही.